अनुभव धागा: समाजशास्त्रात एमए केलंत, मग पुढे काय झालं?

बहिणीची मुलगी यंदा बीए झाली, समाजशास्त्रात एमए करायचं म्हणतेय आणि घरचे बीएडच्या मागे लागलेत. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, काय शिकलात आणि आता पोट कशावर चाललंय. उपदेश नको प्लीज, तो घरात भरपूर मिळतोय.

पाटीपेन्सिल: मुंबई विद्यापीठातून एमए. १९१९ सालचं डिपार्टमेंट, पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख, मग घुर्ये, एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी... ऐकून छाती फुगते, पण नोकरीच्या फॉर्मात त्याचा कॉलम नसतो :) नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघाली, त्यातलीच जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) हुकली. सध्या एका कॉलेजात सीएचबीवर आहे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत, आणि बिल मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पुढचं सत्र उजाडतं. शिकवायला मात्र मजा येते, खोटं कशाला बोलू. भाचीला सांगा जेआरएफचा अभ्यास पहिल्या वर्षापासूनच धर, महिना ३७ हजार मिळाले तर पीएचडी तरी सुखाने होते.

चिंचगुळी: मी सर्व्हेवाली. एमएला रिसर्च मेथडचा पेपर सगळ्यांना रटाळ वाटायचा, माझं घर त्याच्यावरच चालतंय. आरोग्याचे, शाळांचे सर्व्हे करणाऱ्या संस्थांमध्ये टॅब घेऊन दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली, आता टीमला ट्रेनिंग देते.

सगळ्यात डोकं खाणारा प्रश्न म्हणजे "कुटुंब कुणाला म्हणायचं". नियम सोपा, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. इरावती कर्व्यांच्या एकत्र कुटुंबाच्या व्याख्येतही एक छप्पर, एक चूल येतेच, परीक्षेला घोकलेली. आता फील्डवर या. दोन भाऊ, एकच घर, गॅस दोन, रेशनकार्डं पण दोन, आई सकाळी थोरल्याकडे जेवते नि रात्री धाकट्याकडे, आणि ती दारातच बसून सांगते "आम्ही सगळे एकच हाओत बाई". टॅबला असलं काही चालत नाही, म्हातारीला कुठल्यातरी एकाच घरात टाकावं लागतं. मग आदल्या रात्री कुठे झोपली, बहुतेक जेवणं कुठे होतात असं विचारत बसायचं. आणि सुनेची मुलाखत एकटीची घ्यायची असते तर सासू हलत नाही, अशा वेळी टीममधली दुसरी मुलगी सासूला शेळ्या दाखवा म्हणून बाहेर नेते. हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.

कामं प्रोजेक्टवर, म्हणजे दोन प्रोजेक्टच्या मध्ये घरी बसायची तयारी ठेवा.

कट्टेकरी: यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलं होतं, दोन पेपर मिळून ५०० मार्क. पोस्ट नाही निघाली. आता क्लासमध्ये तेच शिकवतो आणि खरं सांगायचं तर सीएचबीवाल्यांपेक्षा बरं कमावतो. २०२५ पासून राज्यसेवा मुख्यही वर्णनात्मक झाली, त्यातही वैकल्पिक विषय आहे, त्यामुळे मराठीतून नीट उत्तर लिहिता येणाऱ्या शिक्षकाला मागणी आहे. नोट्स मात्र निम्म्या स्वतःच बनवाव्या लागतात, चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत.

दुपारची झोप: एमए समाजशास्त्र आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) एकच समजू नका!! बऱ्याच एनजीओ आणि सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या) जाहिरातीत एमएसडब्ल्यूच मागतात. फॉर्म भरायच्या आधी बघा.

मुळामुठा: पुण्यात आयटी कंपनीत यूएक्स रिसर्चला आहे, म्हणजे लोक अ‍ॅप प्रत्यक्षात कसं वापरतात ते बघायचं. दुकानदारांसाठी उधारी लिहायचं अ‍ॅप होतं, इंजिनियर लोकांना वाटे गिऱ्हाइकाला आपोआप आठवणीचा मेसेज गेला की दुकानदार खूश. मी दोनचार किराणा दुकानांत नुसता बसून राहिलो. एक काका म्हणाले, मेसेज गेला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. मेसेज कधी नि कुणाला जाणार हे दुकानदारानेच ठरवायचं, असं मग करून घेतलं. पगार चांगला, पण इंटरव्ह्यूत "समाजशास्त्र म्हणजे काय करता नक्की" हे दरवेळी ऐकावं लागतं.

धागाकर्ती: @चिंचगुळी भाचीला सुट्टीत असं फील्डचं काम मिळेल का? बीएवर घेतात?

चिंचगुळी: घेतात की. स्थानिक बोली येत असेल तर आधी घेतात. व्यनि (खाजगी मेसेज) करा, आणि उन्हात फिरायची तयारी आहे का ते तिलाच विचारा, तुम्ही नका सांगू.