सदतिसावे वचन कोठे गेले? वैयक्तिक अभ्यासासाठी कोणते मराठी बायबल विश्वासार्ह मानावे

खडकीची वाचक:

सर्वांना सप्रेम सलाम.

दर बुधवारी संध्याकाळी खडकीला आमच्या घरी सात-आठ जण शास्त्राभ्यासासाठी जमतात. गेल्या बुधवारी आम्ही प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ८ वा अध्याय घेतला होता. प्रत्येकाने आळीपाळीने एकेक वचन मोठ्याने वाचायचे, अशी आमची पद्धत आहे. छत्तिसावे वचन वाचून झाले आणि पुढची पाळी ज्याची होती तो आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा मोबाइलकडे पाहत थांबला. ‘मावशी, माझ्याकडे सदतिसावे वचनच नाही. छत्तीसनंतर एकदम अडतीस आहे,’ असे तो म्हणाला. मग सर्वांनीच आपापली बायबले पाहिली. एकाकडे ते वचन कंसात होते, एकीकडे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होते. माझ्या सासूबाईंच्या जुन्या बायबलात मात्र ते इतर वचनांसारखेच छापलेले होते आणि त्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

वचन तसे लहान आहे. इथिओपियाचा अधिकारी बाप्तिस्मा मागतो, तू मनापासून विश्वास धरत असशील तर हरकत नाही असे सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याला सांगतो, आणि येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा मी विश्वास धरतो, असे तो उत्तर देतो. ‘मग हे कोणी काढले, आणि यातल्या कोणत्या बायबलवर विश्वास ठेवायचा?’ या त्या मुलाच्या प्रश्नाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आठवडाभर त्यावर वाचल्यावर माझे जे मत झाले ते येथे मांडत आहे.

वचनांना आकडे दिले गेले ते १५५१ मध्ये, रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने ग्रीक नवा करार छापला तेव्हा. त्याच्यापुढच्या ग्रीक संहितेत हे वाक्य होते, म्हणून त्याला ३७ हा आकडा मिळाला. त्याआधी १५१६ मध्ये इरॅस्मसने पहिला छापील ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने ते वाक्य एका हस्तलिखिताच्या समासातून घेतले होते. चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन ही हस्तलिखिते पुढे अभ्यासकांना उपलब्ध झाली. त्यांत ते नाही. म्हणजे वाक्य कोणी काढलेले नाही. जुन्या प्रतींत ते नव्हतेच, नंतरच्या प्रतींत आले, आणि मागे उरली ती आकड्यांमधली मोकळी जागा.

यावरून माझी कसोटी अशी ठरली आहे की, अभ्यासासाठी घ्यावयाच्या भाषांतराने आपल्याला जेथे शंका आहे ते वाचकाला सांगितले पाहिजे. कंस आणि तळटीप ही प्रामाणिकपणाची खूण आहे. दुसरी कसोटी म्हणजे भाषांतर मूळ शब्दाच्या शक्य तितके जवळ राहणारे असावे. म्हणून वैयक्तिक अभ्यासासाठी बायबल सोसायटीचे प्रचलित ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे ज्याला आपण आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) म्हणतो ते, मुख्य मानावे आणि सोप्या भाषेतील आवृत्त्या भक्तिपर वाचनासाठी ठेवाव्यात, असे मला वाटते. आपणांस काय वाटते, ते कळवावे.

नाना पेठेतील निवृत्त शिक्षक:

ताई, आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात हे चांगले केले. परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ‘जुन्या प्रतींत नाही, म्हणून नंतरचे’ हे म्हणणे वाटते तितके सरळ नाही. सिनाई आणि व्हॅटिकन या प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. पण त्यांच्याही आधी, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, लियोंचा बिशप आयरेनियस याने त्या अधिकाऱ्याची हीच कबुली आपल्या ग्रंथात उद्धृत केलेली आहे. मग हे शब्द त्याच्यापर्यंत कोठून पोहोचले?

दुसरी गोष्ट मनाची आहे. मी चाळीस वर्षे मंडळीत मुलांना वचने पाठ करवून घेत आलो आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने सर्वांसमक्ष विश्वास कबूल करावा, ही रीत शिकवताना आम्ही हेच वचन पुढे ठेवत असू. आज एखादा मुलगा मोबाइल उघडून ‘हे नाहीच’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात उद्या आणखी काय नाहीसे होईल अशी धास्ती बसते. आपण कंसाला प्रामाणिकपणा म्हणता. साध्या विश्वासणाऱ्याला तो कंस भिंतीला गेलेल्या तड्यासारखा दिसतो. ज्या बायबलावर पिढ्या पोसल्या, तेच अभ्यासाचे बायबल असावे आणि त्यातले काही कमी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

येरवड्याची कार्यकर्ती:

मी दोघांच्याही मताविरुद्ध लिहिते आहे, त्याबद्दल राग नसावा.

मी ज्या बायकांबरोबर बायबल वाचते, त्यांच्यातल्या बहुतेकींची शाळा चौथी-पाचवीत सुटली. त्या दिवसभर धुणीभांडी करून येतात आणि रात्री आठ वाजता पुस्तक उघडतात. त्यांच्यासाठी ‘वैयक्तिक अभ्यास’ हा शब्द खरा व्हायचा असेल, तर वाक्य एकदा वाचून कळले पाहिजे. ‘नीतिमान ठरणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘सार्वकालिक’ या शब्दांपाशी त्या अडतात आणि मग मी सांगेन तोच अर्थ त्यांच्यासाठी शास्त्राचा अर्थ होतो. शब्दाला धरून केलेले भाषांतर अधिक विश्वासार्ह असते, असे ताई म्हणतात. पण न कळणारे वाक्य वाचकाला शेवटी दुसऱ्या माणसावरच विसंबायला लावते. मग विश्वास भाषांतरावर राहिला की माझ्यावर?

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घालून, संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, आणि ते छापण्याचे काम तेथल्याच स्त्रियांनी केले. संस्कृतात वाढलेली, पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळालेली ही विदुषी जडजंबाल मराठी सहज लिहू शकली असती. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोपे म्हणजे उथळ, असे कोणी म्हणू लागले की मला त्यांची आठवण होते.

आणि ताई, आपण जो अध्याय वाचत होता त्यातच माझा मुद्दा आहे. तो अधिकारी रथात बसून जुन्या करारातील यशया या पुस्तकाचा ५३ वा अध्याय वाचत होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्या अध्यायाचे जे शब्द दिले आहेत ते हिब्रूचे शब्दशः भाषांतर नाहीत. ते सप्तती या जुन्या ग्रीक भाषांतराला धरून आहेत. हिब्रूत ‘जुलूम करून व न्याय करून त्याला नेले’ अशा आशयाचे शब्द आहेत, तर ग्रीकमध्ये ‘त्याच्या दीन अवस्थेत त्याला न्याय मिळू दिला नाही’ असा आशय आहे. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने ते भाषांतर हिब्रूशी ताडून दुरुस्त केले नाही. त्याच शब्दांपासून सुरुवात करून फिलिप्पाने त्या माणसाला येशूची सुवार्ता सांगितली.

वसईहून पुण्यात आलेला:

एक छोटी भर घालतो. येथे ‘बायबल’ म्हणताना सर्व जण ६६ पुस्तकांचे बायबल गृहीत धरत आहेत. आम्हा कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत, त्यामुळे माझ्यासाठी विश्वासार्हतेचा पहिला प्रश्न पुस्तक संपूर्ण आहे का, हा असतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ अभ्यासगटातील सर्वांनी एकदा हाताळावे अशी विनंती आहे. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची मराठी वाचताना, हे आपल्याच भाषेत लिहिले गेले असावे असे वाटत राहते.

बिबवेवाडीचा विद्यार्थी:

मी सेमिनरीत ग्रीक शिकतो आहे, तरी अजून विद्यार्थीच आहे, चुकल्यास सांगावे.

शब्दाला शब्द ठेवला म्हणजे अर्थ सुरक्षित राहिला, या ताईंच्या गृहीतकाबद्दल मला शंका आहे. योहान ३:१६ मधला ‘एकुलता एक पुत्र’ आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यामागे मोनोगेनेस हा ग्रीक शब्द आहे. हाच शब्द इब्री लोकांस पत्र ११:१७ मध्ये इसहाकासाठी येतो. पण अब्राहामाला इश्माएल हा आणखी एक मुलगा होता. म्हणजे तेथे संख्येपेक्षा ‘त्याच्यासारखा दुसरा नाही’ हा अर्थ अधिक ठळक आहे. दोन्ही ठिकाणी ‘एकुलता एक’ लिहिणारा भाषांतरकार शब्दाशी प्रामाणिक राहतो आणि वाचक इश्माएलपाशी गोंधळतो.

मराठीत याहून नाजूक अडचणी आहेत. ग्रीक भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. वादळात शिष्य येशूला उठवून म्हणतात की आम्ही बुडतो आहोत, की आपण बुडतो आहोत? मराठी भाषांतरकाराला येथे निवड करावीच लागते. ‘आम्ही’ म्हटले की प्रभू त्या संकटाबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तोही त्याच होडीत असतो. तसेच काना गावच्या लग्नात येशू आईला ‘गुनाय’ म्हणतो. ग्रीकमध्ये त्यात अनादर नाही. पण ‘बाई’ असे भाषांतर केले की मराठी कानाला ते आईशी केलेले तुटक बोलणे वाटते. शब्द बरोबर असतो, सूर मात्र बदललेला असतो.

सरांच्या धास्तीबद्दल आदराने एक सांगतो. जुनी हस्तलिखिते सापडली म्हणजे नेहमी काहीतरी कमीच होते असे नाही. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे मिळालेल्या यशयाच्या गुंडाळ्यांत ५३:११ मध्ये ‘प्रकाश’ हा शब्द आहे; परंपरागत हिब्रू संहितेत तो नाही, सप्ततीत मात्र होता. म्हणून अनेक नवी भाषांतरे तेथे ‘तो प्रकाश पाहील’ असे देतात. ज्या अध्यायावरून इथिओपियाचा अधिकारी फिलिप्पाला प्रश्न विचारत होता, त्याच अध्यायात एक शब्द परत आला आहे.

नाना पेठेतील निवृत्त शिक्षक:

हे कुमरानचे मला ठाऊक नव्हते. माहिती दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तरीही माझी विनंती आहे की ३७ वे वचन तळटीपेत का होईना, पण असावे, आणि ते का तेथे आहे हे एका ओळीत लिहिलेले असावे. ज्या मोबाइल आवृत्तीत आकडा गाळून एक शब्दही खुलासा दिलेला नाही, तिच्याबद्दल माझी तक्रार कायम आहे.

खडकीची वाचक:

सर, या शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. खुलासा न देता सोडलेल्या जागेनेच तो मुलगा घाबरला होता. आयरेनियसचा दाखलाही मी लक्षात घेतला नव्हता. एवढे मात्र म्हणेन की त्यावरून तो कबुलीजबाब जुना ठरतो. तो लूकनेच लिहिला होता, असे त्यावरून ठरत नाही.

येरवड्याच्या ताईंचे म्हणणे मनाला लागले. मी ‘सोपे ते भक्तीसाठी’ अशी विभागणी केली होती ती चुकीची होती, आणि मी ती मागे घेते. मात्र एका ठिकाणी मी अजूनही अडून आहे. रूथच्या पुस्तकात नामी आपल्या सुनांना आशीर्वाद देते तेथे ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द आहे, आणि ‘त्याची दया सनातन आहे’ या स्तोत्र १३६ च्या पालुपदातही तोच शब्द आहे. एकच शब्द एका ठिकाणी ‘दया’, दुसरीकडे ‘प्रीती’, तिसरीकडे ‘निष्ठा’ असा वाचायला मिळाला, तर प्रत्येक वाक्य सुरेख होईल. पण त्या विधवा सुनांनी दाखवलेली गोष्ट आणि देवाची सनातन गोष्ट एकच आहे, हे वाचकाला कधीच दिसणार नाही. ते दिसण्यासाठी शब्दाला धरून राहणारे एक तरी बायबल टेबलावर हवे.

येरवड्याची कार्यकर्ती:

मान्य आहे, ताई. पण ‘दया’ म्हटले की आमच्या बायकांना वरच्या माणसाने खालच्यावर केलेले उपकार आठवतात. मालकीणबाई शिळे देते तीही दयाच असते. नामीच्या सुनांनी केले ते तसे नव्हते. मी वाचताना ‘माया’ म्हणते. वेदान्तातल्या मायेमुळे तो शब्द भाषांतरकार टाळत असतील; पण सासूची सुनेवर माया असते, असे म्हटले की कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

खडकीची वाचक:

येत्या बुधवारी रूथचा पहिला अध्याय घेऊ. तीन आवृत्त्या टेबलावर ठेवते, त्यांत केडगावची एक प्रत मिळाली तर तीही. आठव्या वचनापाशी थांबून प्रत्येकाकडे कोणता शब्द आहे ते फळ्यावर लिहून काढू. तुमच्या गटातल्या बायकांना घेऊन या. त्या ‘माया’ म्हणाल्या, तर तोही फळ्यावर लिहीन.