मदत हवी आहे: स्कायरिममधला ‘आय ऑफ मॅग्नस’ आणि जादूचा उगम

मंडळी, एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेच्या (स्कायरिम, मॉरोविंड हे त्यातलेच गेम) कथेत जादू सूर्यातून येते. मॅग्नस हा जगाचा रचनाकार. जग घडवण्याचं काम सोडून तो अर्ध्यातून पळाला, तेव्हा आकाशाला पडलेलं भगदाड म्हणजे सूर्य. ईथरियस या पलीकडच्या लोकातली मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, तिथूनच झिरपते. इथवर मला पटतं.

पण मग स्कायरिममध्ये सार्थल या प्राचीन नगराच्या भुयारात सापडणारा तो प्रचंड, निळसर गोळा, म्हणजेच ‘आय ऑफ मॅग्नस’, काय आहे? तिथली लढाई आठवा. आपल्यासोबतचा जादूगार टोल्फडिर गोळ्यावर मंत्र सोडत नाही तोवर शत्रू यिरिकला ओरखडाही उठत नाही, म्हणजे त्याला ताकद गोळ्यातूनच मिळत होती. काहींच्या मते ते आकाशातल्या भगदाडासारखंच, पण जमिनीवरचं दार आहे. काही म्हणतात, ती नुसती मॅजिकाची साठवण. मला दाराचा तर्क जास्त पटतो, कारण कथेतला खलनायक अँकानो एवढी शक्ती खेचतो तरी गोळा रिता होत नाही.

दुसरी अडचण ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीची. ते लॉर्कन या देवाच्या हृदयातून नादाच्या जोरावर शक्ती काढू पाहत होते. तिचा सूर्याशी काही संबंध आहे, की जादूचा उगमच दोन ठिकाणी आहे?

मॉरोविंड (2002) बारकाईने खेळलेल्यांनी कृपया सांगा. गेममधल्या कोणत्या पुस्तकात किंवा संवादात याचा धागा मिळेल? पुराव्यासकट लिहिलंत तर फार बरं होईल.