मदत हवी आहे : अपघात झालेली मर्सिडीज साडेसतरा लाखांत मिळतेय, घ्यावी का?

नमस्कार मंडळी. निपाणीहून लिहितोय. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्या थोरल्या भावाने कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मर्सिडीज सी २२० डी बघितली आहे. डिसेंबर २०१८ ची, एमएच-१२ पासिंग, ६८ हजार किलोमीटर झालेली. मागणी साडेसतरा लाख. एवढ्याच वयाच्या गाड्यांची आम्ही पुण्यात चौकशी केली तर बावीस-तेवीसच्या खाली कुणी बोलत नाही. कमी किमतीचं कारण व्यापाऱ्याने आपणहून सांगितलं : नोव्हेंबर २०२२ मध्ये पुढून डाव्या अंगाला अपघात झाला होता, सगळं काम करून घेतलंय. दादाने त्याच दिवशी ५० हजार इसार दिला. तंबाखूची वखार आम्ही दोघं मिळून चालवतो, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. पण तेरा वर्षं बोलेरोवर काढलेल्या माणसाचं मन एका गाडीत अडकलंय, तर नाही म्हणताना माझीच जीभ अडखळते.

खरी काळजी बिलाची आहे. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. बिल कंपनीच्या वर्कशॉपचं नाही, बाहेरच्या गॅरेजचं. बोनेट, बंपर, डावा फेंडर, डावा हेडलाइट, रेडिएटर, डॅशबोर्ड, पुढच्या दोन्ही एअरबॅग. डाव्या एप्रनपुढे (एप्रन म्हणजे चाकावरच्या फेंडरच्या आतला सांगाड्याचा पत्रा) फक्त ‘दुरुस्ती’ असं लिहिलंय. सीटबेल्टचं नाव कुठेच नाही. एअरबॅग उघडल्या तर बेल्टही बदलावे लागतात असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

गाडी मी स्वतः चालवून बघितली. नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग सरळ, आवाज नाही, एसी उत्तम. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला आहे, म्हणजे ते खोललेत; ते तर त्यांनी सांगितलंच होतं. आरसी बघितली, मालक दुसरा आहे आणि त्याच्या नावावर गाडी मार्च २०२३ ला झालीय.

ही गाडी लग्नकार्यापुरती नाही. पुतणी बेळगावात कॉलेजला आहे आणि आठवड्यातून चार दिवस वहिनी तिला घेऊन हायवेने जातात. संकेश्वर, यमकनमर्डी, सुतगट्टीचा घाट, एका बाजूला पाऊणशे किलोमीटर. उसाच्या सीझनमध्ये मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात कशा समोर येतात ते इकडच्या लोकांना सांगायला नको. एअरबॅग नुसती बिलावर असून काय उपयोग?

तर, ही गाडी नक्की कुठे आणि कशी तपासून घ्यावी? आणि एमएचची गाडी इकडे आणायला एकूण खर्च किती येईल? व्यापारी म्हणतो, ‘निपाणीत निम्म्या गाड्या एमएचच्याच आहेत, तशीच फिरवा.’

पत्राकाम, बेळगाव

उद्यमबागेत बावीस वर्षं पत्र्याचं काम करतोय. बेल्टचं तुम्ही बरोबर पकडलंय बघा. पुढून जोराचा मार बसला की एअरबॅगच्या बरोबरीने बेल्टमधला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करणारा भाग, पण उडतो. तो एकदाच चालतो. उडालेला बेल्ट कधी कधी अडकून राहतो, नीट गुंडाळत नाही, पण हाताला बरा लागला म्हणून बरा असतोच असं नाही. एअरबॅगचा कंट्रोलर पण अपघाताची नोंद धरून ठेवतो. तो बदललाय की नुसता नोंद पुसून परत बसवलाय ते विचारा.

एक करा. चावी ऑन करून इंजिन चालू करायच्या आधी डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागायला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझायला पाहिजे. लागलाच नाही तर काहीतरी केलंय समजा. काही लोक एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावतात ओ. दिवा विझतो, पण आत पिशवी नसते. म्हणून नुसत्या दिव्यावर जाऊ नका, कंपनीच्या स्कॅनरला लावूनच बघा.

एप्रनला कंपनीचे स्पॉट वेल्ड असतात, गोल, सारख्या अंतरावर बारीक खड्डे. उजवी बाजू बघा, मग डावी बघा. डावीकडे ते खड्डे नसतील, लांबी (रंगाआधी भरतात ती पुट्टी) भरून सपाट केलेलं असेल, तर पत्रा कापून जोडलाय. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. लांबी असली की आकडा कितीतरी वर जातो. फेंडर-बोनेटला जास्त आला तरी मी घाबरणार नाही. पिलरला, म्हणजे छत धरणाऱ्या खांबाला, आला तर मी त्या गाडीत माझी पोरं बसवणार नाही.

सीमेवरचा

‘तशीच फिरवा’ हे ऐकू नका. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, कायद्यातच आहे. निपाणी म्हणजे तुम्हाला चिक्कोडीचं आरटीओ, केए-२३. आधी पुण्याहून एनओसी आणायची, मग इथला लाइफ टाइम टॅक्स. आणि तो तुम्ही दिलेल्या साडेसतरा लाखांवर बसत नाही, गाडीच्या मूळ किमतीवर बसतो. वीस लाखांच्या वरच्या नव्या गाडीला कर्नाटकात १८ टक्के. मूळ किंमत चाळीस लाख धरली तर नव्या गाडीचा हिशेब ७ लाख २० हजार होतो. वयाप्रमाणे तो कमी होतो, पण सात वर्षांच्या गाडीलाही काही लाख जातातच. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, त्याला चपला झिजवायची तयारी ठेवा. पाच लाख स्वस्त मिळाली म्हणताय, त्यातलं हातात किती राहतं ते एकदा कागदावर मांडा. चिक्कोडीला जाऊन आकडा लिहून घ्या, मगच पुढे बोला.

खानापूरची

मी विमा सर्व्हेअरच्या ऑफिसात नऊ वर्षं काम केलंय. मला तुमच्या तारखा खटकल्या. नोव्हेंबरमध्ये अपघात, मार्चमध्ये मालक बदल. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि मोडकी गाडी विकली जाते. घेणारा ती स्वस्तात उभी करतो. इथे तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पण बाहेरच्या गॅरेजचं बिल आणि चार महिन्यांत नवा मालक हे बघून मी आधी तेच तपासलं असतं. क्लेम नंबर आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट मागा, त्यात कुठला पार्ट बदलला, कुठला दुरुस्त केला ते ओळीने असतं. सरळ मार्गाने घेतलेली गाडी असेल तर पहिल्या मालकाकडून ते मिळवणं अवघड नाही. आणि गाडी घेतलीत तर विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

मूळ प्रश्न विचारणारा

तिघांचेही मनापासून आभार. ताई, मार्चची तारीख मी स्वतः इथे लिहिली होती आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काल दादाला हे सगळं वाचून दाखवलं. मग त्याच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन लावला आणि दोनच गोष्टी मागितल्या : क्लेम नंबर, आणि गाडी पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आमच्या खर्चाने स्कॅन करायची परवानगी. स्कॅनला तो आधी हो म्हणाला, पण आम्ही सोबत बेल्ट आणि एप्रनही बघून घेणार म्हटल्यावर ‘एवढं खोलून बघायचं तर गाडी नका घेऊ’ असं बोलला. क्लेम नंबर गुरुवारपर्यंत देतो म्हणालाय. चिक्कोडीला मी सोमवारी जातोय.

इसाराच्या पावतीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलेलं आहे. अपघाताची पूर्ण माहिती लपवली असं निघालं तर तरीही ती मागता येते का, कुणाला अनुभव असेल तर सांगा. वहिनी म्हणाल्या, पन्नास हजार गेले तर जाऊ देत. दादा अजून काही बोललेला नाही.