फर्स्ट लेडी असणं हिलरीबाईंना नडलं की पावलं?

ओसरीवरून
परवाच्या गटगमध्ये (गप्पांच्या भेटीत) हा वाद अर्धवट राहिला, म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं असं की हिलरी क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाल्या नाहीत याचं मूळ त्या ट्रम्पकडून हरल्या त्या २०१६ मध्ये नाही, १९९३ मध्ये आहे. बिल क्लिंटन निवडून आले आणि आरोग्यविम्याच्या सुधारणेचं एवढं मोठं काम त्यांनी थेट बायकोकडे दिलं. बाई ना निवडून आलेल्या, ना सिनेटने मंजुरी दिलेल्या मंत्री. शिवाय वेस्ट विंगमध्ये (व्हाइट हाउसचा राष्ट्राध्यक्षांच्या कचेऱ्यांचा भाग) ऑफिस, जे आधीच्या एकाही फर्स्ट लेडीला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला, नव्हतं. आपल्याकडे गावात सरपंचपती असतो ना, लोकांना तेच दिसलं, फक्त उलटं. सप्टेंबर १९९४ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह गमावलं. "नवऱ्याच्या जिवावर कारभार करणारी" हा शिक्का तेव्हा बसला, तो पुढे पुसलाच नाही.

तिरकट_तात्या
साफ असहमत. ते पद नसतं तर हे नाव आज तुम्हाला माहीत तरी असतं का? न्यूयॉर्क राज्यात कधी राहिल्या नव्हत्या. १९९९ मध्ये चॅपाक्वाला घर घेतलं आणि २००० मध्ये तिथून सिनेटर! आधीचे सिनेटर मॉयनिहान निवृत्त होत होते म्हणून जागा रिकामी, समोरचे रिपब्लिकन जुलियानी (न्यूयॉर्कचे महापौर) आजारपणामुळे मे महिन्यात बाजूला झाले, त्यांच्या जागी उरले लाझिओ. एवढं ताट वाढून मिळालं आणि आपण म्हणायचं, पद नडलं. जेवून हात धुतल्यावर वाढप्याला नावं ठेवण्यातला प्रकार.

न्यूजर्सीची_नणंद
तात्या, मी तेव्हा इथेच होते (मत नव्हतं, टीव्ही होता). बाई महिनोन्‌महिने न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात गावोगाव फिरून लोकांचं नुसतं ऐकत होत्या. आधी सगळ्यांनी चेष्टा केली. मग बफेलोच्या वादविवादात लाझिओ हातात कागद (प्रचारात अमर्याद देणग्या न वापरण्याचा करार) घेऊन थेट त्यांच्या पोडियमपाशी गेले, "करा सही" म्हणून. ते बायकांना काय, पुरुषांनाही रुचलं नाही. बारा टक्क्यांनी जिंकल्या, आणि २००६ मध्ये ६७ टक्के मतं घेऊन परत आल्या. वाढून दिलेलं ताट एकदा मिळतं, दुसऱ्यांदा नाही.
अवांतर: सिनेटमधला भारतमित्र सिनेटरांचा गट २००४ मध्ये स्थापन झाला, त्यात या पुढे होत्या. २००७ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या ओबामांच्या प्रचार कचेरीने त्यांना एका टिपणात न्यूयॉर्कऐवजी चक्क "पंजाबच्या डेमोक्रॅट" म्हटलं होतं. आमच्याकडे त्यावर फार बोंब झाली, शेवटी ओबामांनाच ती चूक होती म्हणावं लागलं.

खडीसाखर
दोघंही जिथे बघायचं तिथे बघत नाही आहात. ऑक्टोबर २००२, इराकवर लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. हिलरी ७७ मध्ये. त्याच महिन्यात शिकागोच्या एका सभेत इलिनॉयचा एक अनोळखी आमदार, म्हणजे हेच ओबामा, या युद्धाविरुद्ध बोलला. २००८ मध्ये उमेदवारीच्या पहिल्याच लढतीत, आयोवात, तो पहिला आला आणि या तिसऱ्या. ते मत फर्स्ट लेडीने नव्हतं दिलं, न्यूयॉर्कच्या सिनेटरने दिलं होतं. आपल्या पायावर धोंडा आपणच मारलेला. यात १९९३ कुठे आलं?

ओसरीवरून
@खडीसाखर, मुद्दा तगडा आहे. पण ते मत त्यांनी का दिलं असेल? ज्या बाईला आयुष्यभर "ही कोणाची बायको" म्हणून मोजलं, तिला देशाची सेनापती, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, व्हायचं असेल तर कणखर दिसणं भाग होतं, असं मला वाटतं. पुरावा मागू नका, नाही माझ्याकडे.

तिरकट_तात्या
म्हणजे आता इराकही १९९३ च्या खात्यावर! मग परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामाच्या ई-मेलचा सर्व्हर घरी ठेवायला कोणी सांगितलं होतं? गोल्डमन सॅक्स बँकेसमोर तीन भाषणं करून ६,७५,००० डॉलर घ्यायला? आणि उमेदवारी मिळाल्यापासून मतदानापर्यंत विस्कॉन्सिन राज्यात एक फेरीसुद्धा न मारायला? विस्कॉन्सिन गेलं २२,७४८ मतांनी. आमच्या तालुक्यात पंचायत समितीचा उमेदवारसुद्धा प्रत्येक वाडीवर जाऊन चहा पिऊन येतो हो.

न्यूजर्सीची_नणंद
विस्कॉन्सिनचं मान्य. पण मतदानाला अकरा दिवस उरले असताना एफबीआयच्या प्रमुखांनी ई-मेलचं प्रकरण पुन्हा उकरल्याचं पत्र काँग्रेसला पाठवलं, ते सोयीस्कर विसरलात. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन मिळून ७८ हजारांपेक्षा कमी मतांचा फरक, आणि देशभरात ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त. लोकांना बाई नकोच होत्या असं या आकड्यांवरून कसं म्हणणार?

पाटावरवंटा
जरा अमेरिकेबाहेर बघा. अर्जेंटिनात क्रिस्तिना किर्शनेर २००७ मध्ये नवऱ्यामागोमाग अध्यक्ष झाल्या आणि २०११ मध्ये पुन्हा. होंडुरासमध्ये झिओमारा कास्त्रो २०२२ मध्ये. आणि ग्वाटेमालाच्या सांद्रा तोरेस! तिथे अध्यक्षाच्या जवळच्या नातलगाला उभं राहता येत नाही, म्हणून २०११ मध्ये अध्यक्ष नवऱ्याशी काडीमोड घेतला. कोर्टाने तरी नाहीच म्हटलं. पुढे २०१५, २०१९, २०२३, तिन्ही वेळा हरल्या. तेव्हा नियम वगैरे काही नाही, ज्याचं त्याचं नशीब.

ओसरीवरून
नशीब नाही, क्रम. क्रिस्तिनांचे नवरे नेस्तोर २००३ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा क्रिस्तिना आधीच नावाजलेल्या सिनेटर होत्या. कास्त्रोंच्या अध्यक्ष नवऱ्याला २००९ मध्ये लष्कराने उचलून देशाबाहेर काढलं आणि त्या रस्त्यावर उतरल्या. लोकांनी त्यांना स्वतःच्या बळावर उभं राहिलेलं पाहिलं. हिलरीबाईंना देशाने पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९९२ च्या प्रचारात, बिलच्या शेजारी. येलचं शिक्षण, निक्सनविरुद्धच्या वॉटरगेट चौकशीतलं काम, वकिली, सगळं नंतर शोधून वाचायचं.

न्यूजर्सीची_नणंद
मग १९९३ पण नाही धरायचं. बिल १९८० मध्ये आर्कान्साची गव्हर्नरकी हरले, तेव्हा हिलरी माहेरचं रॉडम हेच नाव लावत. लोकांना ते खटकतं अशी कुजबुज झाली, आणि १९८२ च्या प्रचारात त्या क्लिंटन झाल्या. बिल जिंकले. तेव्हा १९८२ लिहा.

तिरकट_तात्या
थांबता कशाला, १९६४ ला जाऊ. तेव्हा या शाळकरी वयात रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरचा प्रचार करत होत्या. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आधीच धाग्याचा पार काश्मीर झालाय, म्हणजे कधी न मिटणारा वाद.