'मैं भी लडकी हूं' रंगभेदाविरुद्ध आहे, की नुसता तसा भास?

तिकीटबारी: १९६४चा हा सिनेमा परत पाहिला. जमीनदाराच्या घरात सून म्हणून आलेली काळी, निरक्षर मुलगी. ती मीनाकुमारी, नवरा धर्मेंद्र. दिग्दर्शक ए. सी. तिरुलोकचंदर यांनी स्वतःच्याच १९६३च्या तमिळ 'नानुम ओरु पेण'चा केलेला रिमेक. सगळे याचं कौतुक करतात, मला नाही पटत. गोऱ्या नटीला काळं फासायचं आणि वर आपल्यालाच रंगावरून उपदेश? खऱ्या सावळ्या मुलीला काम मिळालंच नाही ना!

रिळवाला: मद्रासच्या एव्हीएम या निर्मिती संस्थेने हिंदीत पैसा लावायचा तर मोठं नाव लागणारच. आणि जिच्या चेहऱ्यावर लोक फिदा, तिलाच काळवंडलेली दाखवायची, याला हिंमत लागते.

तिकीटबारी: हिंमत कसली? आत मीनाकुमारी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. शिवाय २०१९च्या 'बाला'त भूमी पेडणेकरलाही काळंच केलं. 'त्या काळी चालायचं' ही सबब तिथे कशी चालणार?

उंबरठा_ओलांडून: तुम्ही दोघं मेकअपवरच अडकलात. मला खटकतं ते तिचं सोसणं. टोमणे ऐकायचे, सेवा करायची, सगळ्यांचं भलं चिंतायचं, तेव्हा कुठे घर तिला आपली म्हणणार. काळी आहे आणि वर आळशी, तोंडाळ, चारचौघींसारखी आहे, असं चालत नाही. गोऱ्या सुनेला ही परीक्षाच नसते. 'कृष्णा ओ काले कृष्णा' मात्र जबरदस्त! लताबाईंचा आवाज, चित्रगुप्तांची चाल. तिथे ती दया मागत नाही, देवालाच जाब विचारते: स्वतःचा रंग मला देऊन कसला सूड उगवलास? काळ्या देवापुढे हात जोडायचे आणि सून काळी म्हणून नाकं मुरडायची, हा सगळा दुटप्पीपणा एका गाण्यात उघडा पडतो.

रिळवाला: देवाला विचारता येतं, घरच्यांना नाही! सून उलटून बोलली असती तर थिएटरातल्या सासवा तिच्या बाजूने राहिल्या असत्या का? तिचा चांगुलपणा म्हणजे गळाला लावलेलं आमिष आहे.

तिकीटबारी: पण मासे लागले का? १९७५ला 'फेअर अँड लव्हली' आलं आणि घरोघरी पोचलं. नावातलं 'फेअर' गेलं थेट २०२०मध्ये.

रिळवाला: त्याचं बिल एका सिनेमावर कशाला फाडता? तमिळ मूळ पाहिलाय का कुणी? त्यात विजयकुमारी आहे. काळा मेकअप तिलाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.