‘स्क्रब’ला झुडपी जंगल म्हणावं का?

तळटीप: एका अहवालाचं भाषांतर करतेय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या तक्त्यातल्या ‘स्क्रब’ला ‘झुडपी जंगल’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडलं; म्हणे हा महसुली शब्द, इथे चालत नाही. मग काय लिहू? नुसतं ‘झुडपं’?

वैनगंगाकाठ: खोडलं ते बरोबरच. झाडांच्या छत्राची घनता १० टक्क्यांखाली गेली की सर्वेक्षणवाले त्या जमिनीला स्क्रब म्हणतात, वनाच्छादनात धरत नाहीत. आणि झुडपी जंगल? पूर्व विदर्भातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला वनजमीनच ठरवली. तुमच्या शब्दाने तक्ता उलटा वाचला जाईल. आमच्याकडे कागदावर झुडपी जंगल असलेल्या जागेवर शाळा आहे, स्मशान आहे, घरं आहेत. झुडूप दिसलं तर कळवा.

अमरकोशी: मुळात ‘जंगल’ कशाला? ‘क्षुपवन’ लिहा. जंगल हिंदीतून आलंय.

मोहफूल: काहीही! आयुर्वेदातला ‘जांगल देश’ विसरलात का? कमी पाण्याचा, विरळ झाडीचा तो जांगल. पाणथळ, दाट तो आनूप. त्या हिशेबाने झुडपी जंगल हेच अस्सल जंगल, ताडोबा नव्हे.

वैनगंगाकाठ: माझा एक अंदाज. मध्य प्रदेशच्या महसुली कागदांत ‘बड़े झाड़ का जंगल’ आणि ‘छोटे झाड़ का जंगल’ असतं. १९५६ ला आपण तिकडून सुटलो, दप्तर सोबत आलं. झुडपी म्हणजे तेच ‘छोटे झाड’ असणार.

अमरकोशी: अंदाजाला पुरावा? ‘झुडूप’ मराठीत त्याआधीपासून आहे.

वैनगंगाकाठ: शब्द आहे हो. नोंद कुठून आली ते म्हणतोय.

मांडवीतीर: गोव्यात शब्दापेक्षा आकड्यांचं भांडण. खासगी वन ठरायला सलग ५ हेक्टर, ४० टक्के छत्र आणि ७५ टक्के वनवृक्ष लागत. चार हेक्टरची सुटी राई कितीही गच्च असो, ती बाहेर.

मोहफूल: तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालात सांगितलंय की ‘वन’ शब्दकोशातल्या अर्थाने घ्या, मालकी कोणाचीही असो. वन संवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने ते आवळायला घेतलं, तर फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने पुन्हा शब्दकोशच. अमरकोशींनी पेढे वाटायला हवेत.

अमरकोशी: कोणता शब्दकोश ते आधी सांगा. ‘अरण्य’, ‘वन’, ‘रान’ एकच का? आमच्या गावी रान म्हणजे शेत. "रानात गेलाय" म्हणजे नांगरायला गेलाय.

मांडवीतीर: म्हणून तर न्यायालयाने रान म्हटलं नाही!

तळटीप: मी ‘खुरटी झाडी’ लिहू का? सोमवारी द्यायचंय.

मोहफूल: ‘झाडी’त पुन्हा झाड आलं. आणि झाड म्हणजे काय हेही कायद्यालाच विचारा: १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू वृक्ष होता! गवताला वृक्ष ठरवल्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू नेतानाही परवान्याची कटकट.

मांडवीतीर: बांबू कुठला? कळक की माणगा?

अमरकोशी: ‘वेळू’ म्हणा.

वैनगंगाकाठ: वेळू काहून? आम्ही बांबूच म्हणतो. माणगा आणि चिवारी एकच का पण?