मदत हवी आहे : 'रन' शिकवायचं तरी कसं?

नमस्कार मंडळी. लातूरजवळच्या एका गावात दहावीच्या लेकरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. सगळी मराठी माध्यमाची. 'रन' म्हणजे पळणे, एवढं पाठ. क्रिकेटमुळे 'रन काढणे'ही ठाऊक. गाडी अडते त्यापुढे. 'हिज नोज इज रनिंग'चं भाषांतर एकानं 'त्याचं नाक पळतंय' असं लिहिलं. वर्ग हसला, पण 'नाक वाहतंय' हे बरोबर उत्तर कुणालाच आलं नाही.

मोटार चालू आहे, दुकान चालवतो, सरपंचपदाला उभा राहतो, धुतल्यावर साडीचा रंग जातो, डिझेल संपतं, सगळीकडे 'रन'च! ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. (सर्वात जास्त अर्थांचा मान आधी 'सेट'कडे होता.)

आपलं 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, बोअरला पाणी लागतं, शेंगा लागतात. पण ते लेकरं घरातच शिकून येतात, नियम कुणी सांगत नाही. इंग्रजी त्यांच्या कानावर पडतं ते फक्त माझ्या तासाला.

तर अनुभवी शिक्षकांनी सांगावं : आधी 'चालणे, चालवणे' हा गट घेऊन मग 'वाहणे'कडे जावं का? 'रन आउट ऑफ' (संपणे), 'रन इंटू' (अचानक गाठ पडणे) ही जोडपी वेगळी शिकवावीत की वाक्यांतूनच? अर्थांची यादी पाठ करून घ्यायला माझं मन धजत नाही. शेतीतली, बाजारातली तयार वाक्यं कुणाकडे असतील तर फोटो टाका, हस्ताक्षर कसंही चालेल.